टॉवेल देणारी बाई

ज्या बाईनं मला समुद्रातून ओढून बाहेर काढलं, तिच्याविरुद्ध तासाभराच्या आत मी माझ्या हातानं सही करून दिली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी इतरांवर आग पाखडायला लागले की माझ्याबद्दल कुणाचा उगाच चांगला समज व्हायला नको.

परीक्षा शुक्रवारी दुपारी संपली. घरापासून दोन विमानं बदलून यावं लागतं अशा या देशात मी बांधकामाचं इंजिनियरिंग शिकायला आले, त्याला दोन वर्षं होत आली होती. शेवटचा पेपर होता पाण्याच्या प्रवाहांचा. पाइपातलं पाणी, कालव्यातलं पाणी, धरणाच्या सांडव्यावरचं पाणी, सगळं तीन तास कागदावर वाहवून आम्ही तिघी बाहेर पडलो. तिघी म्हणजे एका फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मी, लांबूडी आणि पाठांतर. लांबूडीला आमच्या बाथरूमच्या दारातून वाकून जावं लागतं. पाठांतर एकदा वाचलेलं पान विसरत नाही. वॉशिंग मशीनच्या गॅरंटीचा कागदसुद्धा तिला तोंडपाठ आहे. दोघी माझ्यासारख्याच बाहेरून शिकायला आलेल्या, पण वेगवेगळ्या देशांतून. ही नावं मी ठेवली होती. अर्थ सांगितल्यावर त्यांना ती इतकी आवडली की आता एकमेकींना त्याच नावानं हाका मारतात.

शनिवारी सकाळच्या बसनं समुद्रकाठच्या त्या छोट्या गावात पोचलो. एका लाँड्रीच्या वरची खोली घेतली होती. खालची मोठी मशीन फिरायला लागली की वर आमचे पलंग भिंतीपासून इंच इंच सरकायचे. पण खिडकीतून निळ्या पाण्याची एक पट्टी दिसत होती आणि तीन आठवड्यांनी पहिल्यांदा कुणाच्याच हातात वही नव्हती. पिशव्या टाकल्या आणि पळालो.

किनाऱ्याचा मधला, सगळ्यात चांगला भाग एका मोठ्या हॉटेलनं दोर बांधून आपलासा केला होता. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या गाद्या घातलेल्या लांब खुर्च्यांच्या रांगा. खुर्ची भाड्यानं घेतली की आत जाता येत होतं. दोराशीच टॉवेलचं काउंटर होतं आणि त्यामागे एक बाई उभी होती. पंचावन्नच्या आसपासची, खांदे रुंद, नाकावर पांढऱ्या क्रीमचा जाड थर, डोक्यावर हॉटेलची टोपी, तीही लहान झालेली. टॉवेल देताना ती आमच्याकडे बघतच नव्हती. तिचं लक्ष आमच्या पाठीमागे, पाण्यावर होतं.

"पोहता येतं?" तिनं विचारलं.

"येतं," मी म्हणाले. आमच्या गावातल्या पोहण्याच्या तलावात शिकले होते.

"डावीकडे जिथे—"

"काय चाललंय?" तिच्या मागून एक तरुण, इस्त्रीच्या शर्टातला, हसरा माणूस आला. तो किनाऱ्याचा मॅनेजर. "आपलं ठरलंय ना, पाहुण्यांना घाबरवायचं नाही? फक्त टॉवेल." मग आमच्याकडे वळून म्हणाला, "मजा करा हं. आज समुद्र अगदी शहाणा आहे."

बाईनं ओठ मिटले. मी त्याच क्षणी त्या माणसाचं नाव गोडबोल्या ठेवलं आणि लगेच सगळं विसरून गेले.

आता माझी अक्कल बघा. पाण्याच्या प्रवाहांचा पेपर देऊन चोवीस तास झाले नव्हते. उजवीकडे लाटा फेसाळत फुटत होत्या आणि डावीकडे एका गल्लीसारख्या पट्ट्यात पाणी गडद, गुळगुळीत, एकदम शांत. लाटा आत येतात तेव्हा एवढं सगळं पाणी परत कुठून जात असेल, हा प्रश्न परीक्षेत आला असता तर मी आकृतीसकट सोडवला असता. तिथे उभी राहून मी लांबूडीला म्हणाले, "चल, इकडे लाटा नाहीत." ती चपला काढत होती. मी पुढे गेले.

पाणी कमरेपर्यंत आलं आणि पायाखालची वाळूच निघून गेली. मागे वळले, हात मारले. काउंटरवरच्या बाईची टोपी आधी स्पष्ट दिसत होती, मग लहान झाली. मी आणखी जोरात हात मारले, ती आणखी लहान झाली. नाकातोंडात पाणी गेलं. ओरडायचं म्हटलं तर आवाज फुटेना. त्या वेळी मनात काही थोर विचार वगैरे आले नाहीत. आईला सांगितलंच नाहीये की मी समुद्रावर आलेय, एवढंच आलं.

मग शिट्टी ऐकू आली. तीनदा, लांब. पाठोपाठ घोगरा, पहाडासारखा आवाज, "हात मारू नकोस! पाठीवर हो! पाठीवर!"

ती खुर्चीवरची गादी बगलेत मारून पोहत येत होती. जवळ आल्यावर तिनं आधी गादी माझ्याकडे ढकलली, स्वतः लांब राहिली. "धर. मला नाही, गादीला धर. आता पाय हलव. किनाऱ्याकडे नाही, आडवी चल. त्या खडकांकडे बघ आणि आडवी चल." तिच्या आवाजात घाई नव्हती. बस चुकलेल्या माणसाला दुसरी बस कुठून सुटते ते सांगावं, तसं ती सांगत होती.

खडकांच्या अलीकडे आम्ही बाहेर आलो. मी वाळूवर पडून खारट पाणी ओकत होते. तिनं मला कुशीवर वळवलं, पाठीवर हात ठेवून श्वास मोजला आणि विचारलं, "चष्मा आहे का तुला?"

मी मानेनंच हो म्हटलं.

"मग पाण्याकडे बघताना तो लावत जा."

दोराच्या आतली मंडळी उभी राहून मोबाइलवर सगळं टिपत होती. एकालाही गादी घेऊन दोन पावलं पुढे यावंसं वाटलं नव्हतं. लांबूडी रडत होती. आणि गोडबोल्या दोन टॉवेल आणि फळांच्या रसाचा ग्लास घेऊन धावत आला. त्यानं मला खांद्याला धरून उठवलं, बाईकडे बघितलंसुद्धा नाही, आणि थेट आत ऑफिसात नेलं. लांबूडी आणि पाठांतर मागोमाग आल्या.

त्या खोलीत एसी इतका कडक होता की माझे दात वाजत होते. काचेच्या टेबलावर त्यानं एक कागद सरकवला. "फक्त पद्धत म्हणून. तुम्ही विद्यार्थिनी ना? व्हिसावर आहात? मग उगाच पोलीस, दवाखाना, विद्यापीठ इथपर्यंत गोष्ट कशाला वाढवायची? तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

व्हिसा हा शब्द आमच्यासारख्यांच्या कानात कसा शिरतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मी बाबांना फोन लावला. ते आधी घाबरले, मग म्हणाले, "तू ठीक आहेस ना? मग सही कर आणि मोकळी हो. परक्या ठिकाणी कुणाशी वाकडं घेऊ नकोस." मी सही केली. कागद नीट वाचला नाही. दोन वर्षं या भाषेत जाडजाड पुस्तकं वाचणारी मी, एक पान वाचायला आळसले म्हणा, घाबरले म्हणा.

वाचलं ते पाठांतरनं, माझ्या खांद्यावरून. संध्याकाळी खोलीवर मी रजईत गुंडाळून बसले होते, तेव्हा ती म्हणाली, "तू असं का लिहून दिलंस की तू स्वतःच पोहत परत आलीस?"

"काय?"

तिनं अख्खा कागद म्हणून दाखवला. मला धोक्याची पूर्वसूचना मिळाली होती. मला कसलाही धोका नव्हता. मी स्वतःच्या बळावर किनाऱ्यावर आले. टॉवेल विभागाच्या कर्मचारी परवानगीशिवाय पाण्यात उतरल्या आणि त्यांच्या आरडाओरड्यामुळे मला व इतर पाहुण्यांना मनस्ताप झाला.

तळपायाची आग मस्तकात गेली. "मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"मला वाटलं तुला कळतंय. तू सही करत होतीस ना!"

तिचं काय चुकलं? काहीच नाही.

रविवारी सकाळी मी काउंटरवर गेले. तिथे दुसरीच मुलगी होती. "ती आता येणार नाही," एवढंच ती खालमानेनं म्हणाली. मी खोलीवर परत आले आणि खालच्या लाँड्रीवालीला विचारलं. "शिट्टीबाई?" तिनं चादरीची घडी अर्धवट सोडली. "माझा भाऊ, माझी नणंद, दोघांना काढलंय तिनं पाण्यातून. बस डेपोच्या मागे, टायरच्या दुकानावर राहते. आणि तिला सांग, तिची गणवेशाची पँट धुऊन तयार आहे." मग तिलाच आठवलं असावं. "असू दे," म्हणाली, "आता कशाला लागतेय."

टायरच्या दुकानाशेजारून जिना वर जात होता. दार तिच्या नवऱ्यानं उघडलं. बसचे मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले, बारीक, शांत गृहस्थ. जेवणाच्या टेबलावर टेबलफॅन सुटा करून ठेवला होता. शिट्टीबाई खुर्चीवर पाय ठेवून बसली होती, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. खडकाशी आपटला होता. माझ्यामुळे.

"आलीस?" ती म्हणाली. "वाचलेले सहसा येत नाहीत."

मी थँक्यू म्हणायला तोंड उघडलं तोवर तिनं एक पत्र माझ्यापुढे केलं. कामावरून काढल्याचं. कारणं चार. काउंटर सोडून जाणे. मनाई असताना शिट्टी वाजवणे. पाहुण्यांना मनस्ताप देणे. हॉटेलची एक गादी खाऱ्या पाण्यानं खराब करणे. होय, गादी! ज्या गादीला धरून मी जिवंत बाहेर आले, ती गादी. आणि पत्राला टाचलेला माझा कागद.

"सही तुझीच ना?"

"हो."

नवऱ्यानं स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. खाली कुणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं, त्याचा आवाज तेवढा वर येत होता.

"मी... मला माफ—"

"माफी नको," ती म्हणाली. "माफीचं मी काय करू? तुला लिहिता येतं ना? मग खरं काय झालं ते लिही."

मी लिहायला बसले, आणि मधे मधे विचारत गेले तशी ती सांगत गेली. लहानपणी तिची छाती कमकुवत, डॉक्टरांनी पोहायला सांगितलेलं. चोविसाव्या वर्षी नगरपालिकेत जीवरक्षकांची भरती निघाली. अर्जावर छापलं होतं, 'पुरुष उमेदवाराचे नाव'. तिनं पेननं 'पुरुष' खोडलं आणि अर्ज दिला. एकोणीस जणांत दुसरी आली. पहिलं वर्षभर तिला होड्या घासायला लावल्या. मग एका वादळी दुपारी पाण्यावर नजर ठेवायच्या टॉवरवरचे दोघेही आजारी निघाले, तेव्हा नाइलाजानं तिला वर बसवलं. त्या दिवशी तिनं एकाच घरातल्या तिघांना बाहेर काढलं. त्यानंतर अठ्ठावीस वर्षं ती त्या टॉवरवर होती, डोळ्यांत तेल घालून.

"किती जणांना वाचवलं?"

"मोजले नाहीत. तीनदा उशीर झाला, ते तीन मोजलेत."

नवरा मधेच म्हणाला, "लोक हिला रस्त्यात भेटले की फुटपाथ बदलतात. ज्यांना काढलं ते. लाज वाटते त्यांना."

"वाटणारच," ती म्हणाली. "आपण बुडत होतो हे ज्या माणसानं बघितलंय, त्याच्यासमोर उभं राहायला कुणाला आवडेल?"

मग तीन वर्षांपूर्वी नगरपालिकेनं तो किनारा हॉटेलला चालवायला दिला. सुरक्षेची जबाबदारीही त्यांच्याच गळ्यात घातली आणि आपण हात झटकले. हॉटेलनं पहिलं काम काय केलं असेल, तर टॉवर कापला. पाहुण्यांच्या फोटोत मधेच येत होता म्हणून! धोक्याचं लाल निशाण उतरवलं, कारण लाल रंगानं वातावरण बिघडतं. आणि अठ्ठावीस वर्षं पाणी वाचणाऱ्या बाईला सामावून घेतलं म्हणून टाळ्या मिळवल्या, टॉवेलच्या काउंटरवर. शिट्टी वाजवायची नाही, असं तिच्याकडून लिहून घेतलं. ती तरीही शिट्टी गळ्यात, शर्टाच्या आत ठेवायची.

"मग नोकरी सोडली का नाही?" मी विचारलं.

माझ्याकडे तिनं असं बघितलं की मला जमिनीत जावंसं वाटलं. "मी सोडली असती," ती सावकाश म्हणाली, "तर काल तिथे कोण होतं?"

तिथून निघाले ती थेट हॉटेलवर. वाटेत आत्याचा फोन आला. बाबांनी घरात सांगितलं असणार. माझी आत्या सरकारी दवाखान्यात बत्तीस वर्षं नर्स होती, तिला गोड बोलता येत नाही. मी सगळं सांगितलं, व्हिसाची भीतीही सांगितली. ती म्हणाली, "त्या बाईनं उडी टाकताना तुझा व्हिसा विचारला होता का गं?"

मी म्हटलं, "नाही."

"मग झालं तर. तुझ्या बापाला मी बघते. तू जा."

लांबूडी आणि पाठांतर दाराशी येऊन थांबल्या होत्या. गोडबोल्या बाहेरच भेटला. मी म्हणाले, माझा कागद परत द्या, त्यात लिहिलंय ते खोटं आहे. तो हसला. त्याचं हसू जराही हललं नाही. "तुम्हाला धक्का बसलाय. अशा वेळी माणसाला काहीही आठवतं. आराम करा."

"मी बुडत होते!"

"तुम्ही माझ्यासमोर उभ्या आहात," तो म्हणाला. "बुडालेली माणसं तक्रार करत नाहीत."

लांबूडी एरवी मुंगीलाही वाट देणारी. ती पुढे आली आणि वरून त्याच्याकडे बघत म्हणाली, "बरोबर. म्हणूनच आता आम्ही करणार." आणि तिनं मला ओढत तिथून नेलं, नाहीतर मी त्याच्या इस्त्रीच्या शर्टाचं काय केलं असतं सांगता येत नाही.

ती दुपार आम्ही सुट्टीच्या नावानं पाणी सोडून कामात घालवली. टॉवरचा काँक्रीटचा पाया वाळूत होता. चार बोल्ट ग्राइंडरनं कापलेले, कापलेल्या जागा गंजाखालीही अजून सपाट दिसत होत्या. त्यांच्यामधलं अंतर मी मोजलं, फोटो काढले. धोक्याच्या सूचनेचा बोर्ड सापडला, मोठ्या कुंड्यांच्या मागे, भिंतीकडे तोंड करून. पाठांतरनं माझ्या कागदाची ओळ न् ओळ जशीच्या तशी लिहून काढली.

आमची परतीची बस रविवारी संध्याकाळची होती. ती जाऊ दिली.

सोमवारी नगरपालिकेत पहिल्या खिडकीनं दुसरीकडे पाठवलं, दुसरीनं तिसरीकडे. तिसऱ्या खिडकीतले कारकून म्हणाले, "किनारा आता हॉटेलकडे आहे. त्यांच्याकडे तक्रार करा."

"त्यांच्याविरुद्धची तक्रार त्यांच्याकडेच?"

"पद्धत तशी आहे."

माझा आवाज चढला. या भाषेत भांडायची मला सवय नव्हती. क्रियापदं चुकत होती, स्त्रीलिंग-पुल्लिंगाचा चुराडा होत होता, पण मी थांबले नाही. रांगेतल्या एक आजी माझी वाक्यं दुरुस्त करून मोठ्यानं पुन्हा म्हणायला लागल्या. आवाज ऐकून आतल्या खोलीतून किनारा विभागाच्या इंजिनियरबाई बाहेर आल्या. त्यांनी कापलेल्या बोल्टचे फोटो बघितले आणि त्यांचा चेहरा बदलला. "टॉवर नादुरुस्त होता म्हणून काढल्याचा अहवाल माझ्याकडे आहे," त्या म्हणाल्या. "नादुरुस्त टॉवर असा कापत नाहीत." त्यांनी दोन तास बसून आमचे जबाब घेतले. पहिली सही कशी आणि का केली, तेही मी लिहिलं.

व्हिसाचं काय झालं? काहीही नाही. कुणी विचारलंसुद्धा नाही. एका पोकळ शब्दाला भिऊन मी एका बाईच्या अठ्ठावीस वर्षांवर बोळा फिरवला होता, हे कळल्यावर जास्तच राग आला, आणि त्यातला निम्मा माझ्यावरचा होता.

चौकशी दोन महिने चालली. निकाल आला तो असा. हॉटेलला समज दिली. टॉवर आणि लाल निशाण पुन्हा लावायला लावलं. माझा कागद रद्द झाला. शिट्टीबाईला हॉटेलनं पत्र पाठवलं की 'गैरसमज' झाला होता, पुन्हा टॉवेल विभागात रुजू व्हावं. तिनं उत्तर दिलं नाही. मग टॉवरवर बसायचं काम नगरपालिकेनं एका ठेकेदाराला दिलं आणि त्यात अट होती, वय पंचेचाळीसच्या आत. तिनं अर्ज करून बघितला. परत आला.

एवढ्यावरही त्यांचं पोट भरलं नाही. ठेकेदारानं टॉवरवर नेमलेल्या मुलांना तिथल्या पाण्याची आत खेचणारी ओढ ओळखता येत नव्हती. तेव्हा नगरपालिकेनं तिलाच विनंती केली, जरा शिकवाल का, स्वेच्छेनं. स्वेच्छेनं म्हणजे फुकट. फोनवर हे ऐकून मी किंचाळलेच, "तुम्ही नाही म्हणालात ना?"

"हो म्हणाले."

"का?"

"कारण पहिल्या दिवशी मी त्यांना विचारलं, पाणी परत कुठून जातंय? चौघांनी चार दिशांना बोटं दाखवली. चारही चुकीच्या."

ती आठवड्यातून तीन दिवस शिकवायला जाते, दुखऱ्या गुडघ्यानं. मुलांना जे प्रमाणपत्र मिळतं, त्यावर प्रशिक्षक म्हणून ठेकेदाराचं नाव असतं. गोडबोल्याला बढती मिळाली. आता तो त्याच कंपनीच्या चार किनाऱ्यांवर देखरेख करतो, आणि त्यांच्या नव्या माहितीपत्रकात त्याचा हसरा फोटो आहे, खाली लिहिलंय, 'तुमची सुरक्षितता हीच आमची जबाबदारी'. ते पत्रक लांबूडीनं मला दाखवलं, तेव्हा आम्ही एका खाणावळीत जेवत होतो. मी ते उलटं करून त्यावर ताट ठेवलं.

शिट्टीबाई चिडत नाही. ती म्हणते, चिडायला वेळ लागतो, तेवढ्यात पाणी बदलतं. असेल. मला मात्र वेळ आहे. प्रमाणपत्रावर तिचं नाव यावं आणि शिकवण्याचा पगार मिळावा म्हणून मी दुसरी तक्रार केली आहे. या वेळी भाषा पाठांतरनं तपासली, त्यामुळे एकही क्रियापद चुकलेलं नाही. पोचपावती आली आहे, उत्तर आलेलं नाही. दर सोमवारी दहा वाजता मी तिसऱ्या खिडकीला फोन लावते. कारकून आता माझा आवाज ओळखतात आणि मी काही बोलायच्या आतच म्हणतात, "अजून नाही."

मी म्हणते, "पुढच्या सोमवारी करते."